झाकली मूठ आणि पानाची पाठ

एकी-बेकीचा खेळ कोणाला शिकवावा लागत नाही. ओंजळभर चिंचोके घ्यावेत, त्यांतले काही मुठीत धरून मूठ पुढे करावी आणि समोरच्याला विचारावे, ‘एकी की बेकी?’ त्याने ओळखले तर चिंचोके त्याचे, चुकला तर तितकेच त्याने द्यायचे. या खेळाला पट लागत नाही, मैदान लागत नाही, पंचही लागत नाही. लागते ती फक्त एक झाकलेली मूठ. ती उघडी ठेवून खेळायचे ठरवले तर खेळच उरत नाही. उरते ती मोजणी. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो, पण खेळाच्या इतिहासात ती अगदी शब्दशः खरी आहे.

असे असूनही खेळातल्या झाकलेल्या गोष्टीकडे आपण जरा संशयानेच पाहतो. शाळेत बुद्धिबळाचा पट आणला तर मुख्याध्यापक कौतुक करतात. पत्त्यांचा जोड आणला तर तो जप्त होतो. यामागे जुगाराची भीती आहे आणि ती खोटी नाही. पण तिच्याबरोबर आणखी एक समजूत नकळत येते. जिथे सारे काही समोर मांडलेले असते तो खेळ बुद्धीचा, आणि जिथे काही लपवलेले असते तो नशिबाचा किंवा लबाडीचा, अशी ती समजूत. ती कितपत बरोबर आहे, हे पाहण्यासाठी खेळांचा इतिहास थोडा चाळून पाहू या.

तीन प्रकारचे खेळ

डाव रंगात आला असताना कोणाला काय ठाऊक असते, एवढा एकच प्रश्न विचारला तर बहुतेक बैठे खेळ तीन गटांत बसतात.

पहिल्या गटात सर्वांना सर्व काही दिसते. बुद्धिबळ, वाघ-बकरी, नवकंकरी हे असे खेळ आहेत. दुसऱ्या गटात पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते. सारीपाटाचे फासे किंवा सापशिडीतला ठोकळा पडेपर्यंत दोघेही सारखेच अज्ञानी असतात आणि पडल्यावर दोघेही सारखेच सज्ञान होतात. तिसरा गट याहून निराळा आहे. तिथे एक गोष्ट एकाला ठाऊक असते आणि दुसऱ्याला नसते. एकी-बेकी या गटातला सर्वांत साधा खेळ, आणि पत्ते हे त्याचे प्रौढ रूप.

दुसरा आणि तिसरा गट आपण नेहमी एकत्र करतो, तिथेच घोटाळा होतो. ‘कोणालाच माहीत नाही’ आणि ‘त्याला माहीत आहे, मला नाही’ या दोन अगदी वेगळ्या स्थिती आहेत. पहिल्या स्थितीत फाशांशी बोलून उपयोग नसतो. दुसऱ्या स्थितीत मात्र समोर माणूस असतो. तो एखादे पान टाकतो, दुसरे राखून ठेवतो, क्षणभर थांबतो. या प्रत्येक कृतीतून त्याच्या हातातले काही ना काही बाहेर पडते. झाकलेल्या गोष्टीचा माग काढता येतो. फाशाचा काढता येत नाही.

दगडावरचे पट

पहिल्या गटातील खेळांच्या खुणा महाराष्ट्रात दगडावर कोरलेल्या आहेत. घाटांच्या पायऱ्या, देवळांचे ओटे, किल्ल्यांवरची आणि लेण्यांची जोती नीट न्याहाळली तर खेळांचे पट सापडतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतही असे पट नोंदले गेले आहेत. लेणी सातवाहन-क्षत्रपांच्या काळातली म्हणून पटही तितकेच जुने, असे मात्र म्हणता येत नाही. पट पुढे केव्हाही, तिथे विसावलेल्या कोणा वाटसरूने किंवा गुराख्याने कोरलेला असू शकतो.

नवकंकरीचा पट अशा ठिकाणी बऱ्याचदा आढळतो. एकात एक असे तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेषा आणि २४ ठिकाणे. प्रत्येकाकडे नऊ खडे. तीन खडे एका ओळीत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. दगडी पटाचा एक गुण असा की त्यावर काहीच लपत नाही. बाजूला उभा राहून पाहणाऱ्यालाही खेळणाऱ्याइतकेच दिसते.

अशा उघड्या खेळांविषयी जर्मन गणिती एर्न्स्ट झेर्मेलो याने १९१३ साली एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. डावाला कुठे तरी शेवट असेल आणि नशिबाचा भाग नसेल, तर तीनच शक्यता उरतात. पहिल्या खेळाडूला हमखास जिंकता येते, किंवा दुसऱ्याला हमखास जिंकता येते, किंवा दोघांनाही निदान बरोबरी साधता येते. यांपैकी काय खरे, हे पहिली चाल करण्याआधीच ठरलेले असते. फक्त आपल्याला ते शोधता आलेले नसते. नवकंकरीपुरते ते १९९३ साली शोधले गेले. स्वित्झर्लंडमधील राल्फ गॅसर याने संगणकाकडून अब्जावधी स्थिती तपासून घेतल्या आणि उत्तर आले: दोघेही अचूक खेळले तर बरोबरी. बुद्धिबळाचे उत्तर अजून कोणाला मिळालेले नाही, ते केवळ त्याचा पसारा फार मोठा आहे म्हणून. उघड्या खेळातले गूढ आपल्या मोजण्याच्या ताकदीपुरते असते.

पानाला पाठ मिळाली

तिसऱ्या गटातील खेळ मोठे व्हायला एका साध्या वस्तूची गरज होती. मुठीत मावतील तेवढ्याच गोष्टी मुठीत लपतात. खड्याला पुढची आणि मागची बाजू नसते. तो पटावर ठेवला की सर्वांचा. पण पातळ चकती किंवा कागदाचे पान घेतले तर त्याला दोन बाजू असतात. एका बाजूवर चित्र काढावे, दुसरी बाजू सर्व पानांची सारखी ठेवावी. आता तेच पान मला एक सांगते आणि समोरच्याला काहीच सांगत नाही. पत्त्यांच्या खेळातला खरा शोध चित्रांचा नाही, पाठीचा आहे.

पत्ते चीनमध्ये जन्मले आणि पश्चिमेकडे पसरले असे मानले जाते. युरोपात ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतात. आपल्याकडे गंजिफा आला तो इराणच्या वाटेने. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पाने पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त बारा रंगांचा, प्रत्येकी बारा पानांचा, म्हणजे १४४ पानांचा गंजिफा वर्णिला आहे. पुढे आठ रंगांचा ९६ पानांचा गंजिफा अधिक रूढ झाला. आणि हिंदू दरबारांत दशावतारी गंजिफा आला: मत्स्य ते कल्की असे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, एकूण १२०.

महाराष्ट्रात या कलेचे ठिकाण म्हणजे सावंतवाडी. तिथल्या चितारींनी ही गोल पाने पिढ्यान्‌पिढ्या बनवली. थरांवर थर चिकटवून, चिंचोक्याच्या खळीचा लेप देऊन, घोटून, रंगवून आणि वर लाखेचा हात फिरवून पान तयार होते. चित्राचे कौतुक सगळेच करतात. पण खेळणाऱ्याच्या दृष्टीने कारागिराची कसोटी मागच्या बाजूला आहे. १२० पानांच्या एकरंगी पाठी इतक्या सारख्या हव्यात की एकीवरून दुसरी ओळखता येऊ नये. एखाद्या पानाच्या लाखेवर ओरखडा राहिला तर ते पान त्या दिवसापासून सर्वांना दिसू लागते. गोल आकाराचाही एक फायदा आहे. गोल एकरंगी पाठीला वर-खाली नसते, त्यामुळे पान उलटे धरले की सुलटे हेही समोरच्याला कळत नाही.

दशावतारी गंजिफा तिघांनी खेळायचा. प्रत्येकाला ४० पाने. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या अर्ध्यांत याच्या उलट. आता खेळाडूच्या जागी बसून विचार करा. माझी ४० पाने मला दिसतात. उरलेली ८० दोघांत वाटलेली आहेत. ती किती प्रकारे वाटली गेली असतील? ८० मधून ४० निवडण्याचे जितके प्रकार तितके. ही संख्या २४ अंकी आहे! एवढ्या शक्यतांमधली एकच खरी असते आणि डाव जसजसा पुढे जातो तसतशा बाकीच्या गळत जातात. एखाद्या रंगातले सर्वांत मोठे पान खेळून गेले की त्याखालचे पान मोठे होते. म्हणून गेलेले पान न पान लक्षात ठेवावे लागते. दशावतारी गंजिफात जिंकतो तो नशीबवान असेलही, पण बहुधा तो चांगल्या स्मरणशक्तीचा असतो.

नाशिकरोडचा छापखाना आणि पत्त्यांची पाठ

छापील पत्त्यांच्या इतिहासातही पाठीचाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. युरोपातील जुन्या पत्त्यांची पाठ पांढरी, कोरी असे. कोऱ्या पाठीवर बोटाचा डाग पडला की तीच खूण. या पाठींवर लोक चिठ्ठ्या आणि आमंत्रणेही लिहीत. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या टॉमस डी ला रू याने पत्ते छापण्याच्या पद्धतीत मोठ्या सुधारणा केल्या; त्याचा पत्त्यांचा धंदा १८३१ च्या सुमारास सुरू झाला. पुढे पाठीवर दाट नक्षी छापण्याची रीत सर्वत्र पसरली. ती शोभेची होतीच, पण तिच्यात डाग आणि ओरखडे लपत.

याच शतकात राजा, राणी आणि गुलाम यांना दोन-दोन डोकी आली. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. एका डोक्याचा राजा उलटा हातात आला की खेळाडू सवयीने तो सुलटा करी. चाणाक्ष प्रतिस्पर्धी हे पाहून ताडत असे की याच्या हाती चित्र आले. राजाला दोन्हीकडे डोके दिल्यावर ही चुगली बंद झाली.

आता नाशिककरांना जवळची वाटेल अशी गोष्ट. हिंदुस्थानची टपाल तिकिटे १८५५ पासून पुढे अनेक दशके लंडनच्या याच डी ला रू कंपनीत छापली जात. १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि हे काम तिकडून इथे आले. पत्ते आणि तिकिटे यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. दोन्हींत कारागिरी एकच आहे: लाखो नग छापावेत आणि एकाची दुसऱ्याहून निराळी ओळख पटू नये. तिकिटाच्या बाबतीत याने खोटे तिकीट पकडता येते, पत्त्याच्या बाबतीत खरे पान झाकले जाते.

किती झाकावे?

झाकल्याने खेळ रंगतो, तर मग सगळेच झाकावे का? खेळ रचणाऱ्यांना हा प्रश्न फार जुन्या काळापासून पडलेला दिसतो. आपल्या घराघरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत चालणाऱ्या मेंढीकोटाचे उदाहरण घ्या. चौघांत १३-१३ पाने, दोन जोड्या, आणि चार दश्श्या म्हणजे मेंढ्या पकडायच्या. ‘बंद हुकूम’ खेळताना एक जण आपल्या हातातले एक पान पालथे ठेवतो. त्याचा रंग तो हुकूम. तो त्याला एकट्याला ठाऊक. कोणाकडे उतारीचा रंग संपला आणि त्याने हुकूम उघडायला सांगितले की सर्वांना कळतो. म्हणजे इथे हातातली पाने तर झाकलेली आहेतच, पण खेळाचा एक नियमही काही काळ झाकलेला आहे. हुकूम केव्हा उघडून घ्यायचा, यावर सारा डाव फिरतो.

ब्रिजमध्ये याच्या उलट युक्ती आहे. तिथे बोली संपून पहिले पान पडले की एका खेळाडूचा संपूर्ण हात टेबलावर उघडा मांडतात. त्याला डमी म्हणतात. याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. स्वतःची १३ पाने पाहिल्यावर उरलेली ३९ पाने तिघांत किती प्रकारे असतील, ही संख्या १७ अंकी येते. डमी उघडल्यावर २६ पाने दोघांत उरतात आणि शक्यता होतात १,०४,००,६००. (उतारीचे पान इथे हिशेबाच्या सोयीसाठी बाजूला ठेवले आहे.) सतरा अंकांवरून आठ अंकांवर! अंधार गेला नाही, पण चाचपडत का होईना, चालता येईल इतका उजेड आला. आता तर्काला धरायला काही तरी मिळते.

वर्गात सोडवून घेण्याजोगे एक कोडे याच स्थितीतून निघते. दोन प्रतिस्पर्ध्यांकडे मिळून बदामाची दोनच पाने आहेत, राजा आणि दुर्री. ती एकेक अशी विभागलेली असण्याची शक्यता किती? बहुतेक विद्यार्थी निम्मी म्हणतील. पण राजा डाव्या हातात आहे असे धरा. डाव्या हातात आता १२ जागा मोकळ्या राहिल्या, उजव्यात १३. दुर्रीला एकूण २५ जागा उपलब्ध आहेत आणि त्यांतल्या १३ उजवीकडे आहेत. म्हणजे शक्यता १३/२५, अर्थात ५२ टक्के. हे दोन टक्के फाशाच्या खेळात सापडत नाहीत. प्रत्येक हातात १३ पाने मावतात, या एका माहितीने ते आपल्याला दिलेले असतात. न दिसणाऱ्या गोष्टीविषयी अंदाज बांधणे म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण.

मैदानावरचे गुपित

मैदानी खेळात पाने नसतात, पण झाकलेले असतेच. कबड्डीत चढाई करणारा डावीकडे झुकतो आणि पाय उजवीकडे टाकतो. खो-खोत पाठलाग करणारा आता खो देणार की पुढे धावणार, हे पळणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळू नये, यातच त्याचे कसब. हूल देणे, हुलकावणी देणे हे शब्द आपल्या भाषेत रुळले आहेत, आणि मैदानावर त्यांत कोणाला कमीपणा वाटत नाही.

मात्र काय झाकायचे आणि काय उघडे ठेवायचे याची रेघ प्रत्येक खेळाने स्पष्ट ओढली आहे. कबड्डीत मनातला बेत झाकता येतो, श्वास झाकता येत नाही. ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू येईल असे म्हणावेच लागते, कारण दम तुटला की नाही हे सर्वांना कळले पाहिजे. खो-खोतही खो मोठ्याने द्यावा लागतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने कोणत्या हाताने आणि यष्टीच्या कोणत्या बाजूने टाकणार हे पंचाला सांगावे लागते, आणि पंच ते फलंदाजाला सांगतो. न सांगता बदल केला तर नो-बॉल. पण चेंडू कोणत्या दिशेला वळणार, हे सांगण्याचे बंधन नाही.

या मोकळ्या जागेतच गुगली जन्मली. इंग्लंडच्या बी. जे. टी. बोझँक्वेट याने टेबलावर चेंडू टाकण्याच्या एका घरगुती खेळात ही युक्ती शोधली आणि १९०० साली ती सामन्यात वापरली. मनगटाची हालचाल लेगब्रेकची दिसते, पण चेंडू सुटताना हाताची पाठ फलंदाजाकडे असते आणि तो उलटा वळतो. इथेही गुपित पाठीमागेच आहे. मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी ही कला कळसाला नेली. १९५८ साली कानपूरच्या कसोटीत त्यांनी वेस्ट इंडीजचे नऊ गडी १०२ धावांत बाद केले. त्यांनी पंचापासून काही लपवले नव्हते. फलंदाजापासून लपवण्याचा हक्क मात्र पुरेपूर वापरला होता.

मुठीचे गणित

आता पुन्हा एकी-बेकीकडे येऊ. हा खेळ चांगला खेळण्याची काही रीत आहे का? समजा, एखाद्या मुलाला एकीचा लळा आहे आणि चारपैकी तीन वेळा तो एकीच धरतो. समोरच्याच्या हे ध्यानात आले की तो प्रत्येक वेळी ‘एकी’ म्हणेल आणि चारांत तीनदा जिंकेल. म्हणून एकी आणि बेकी निम्म्या-निम्म्या वेळा आल्या पाहिजेत. पण एक एकी, एक बेकी असे आलटून पालटून धरले तर? तेही निम्मे-निम्मेच होते, तरी दोन फेऱ्यांतच उघडे पडते. म्हणजे निम्मे-निम्मे आणि त्यात कोणताही क्रम नाही, असे धरणाराच सुरक्षित. त्याला हरवण्याची युक्ती जगात कोणाकडे नाही. मूठ तर झाकलेली हवीच, पण सवयही झाकलेली हवी.

हंगेरीत जन्मलेला गणिती जॉन फॉन नॉयमान याने १९२८ साली हाच विचार व्यापक रूपात सिद्ध केला. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, अशा दोघांच्या खेळात प्रत्येकासाठी आपल्या चाली ठराविक प्रमाणात मिसळण्याची एक सर्वांत सुरक्षित रीत असते, असे त्याचे प्रमेय सांगते. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्याने ग्रंथ लिहिला आणि खेळांचा सिद्धान्त ही शाखा रूढ झाली. त्या ग्रंथात पोकरवर एक प्रकरण आहे. हातात हलकी पाने असताना कधीकधी मोठी बोली लावणे ही केवळ धिटाई नसून गणिताने निघणारी रीत आहे, असे तिथे दाखवले आहे. पाने चांगली असतानाच बोली वाढवणाऱ्याची बोली म्हणजे उघडे पानच. कधीतरी हूल देणाऱ्याच्या खऱ्या बोलीलाच किंमत मिळते.

उघडे खेळ बुद्धीचे आणि झाकलेले नशिबाचे, या समजुतीची परीक्षा पुढे संगणकाने घेतली. मे १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सामन्यात हरवले. पोकरमध्ये दोघांच्या बिनमर्यादा खेळात निष्णात खेळाडूंना हरवायला जानेवारी २०१७ उजाडले. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या लिब्राटस या प्रणालीने चार व्यावसायिकांशी २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून ते साधले. मधली वीस वर्षे संगणक पटावर पुढे धावत होता आणि पानाच्या पाठीपाशी अडत होता. बुद्धिबळात ‘ही स्थिती कशी आहे?’ एवढेच विचारावे लागते. पत्त्यांत ‘त्याच्याकडे काय असेल, आणि माझ्याकडे काय आहे असे त्याला वाटत असेल?’ हेही विचारावे लागते.

उघड्या पटावरही

बुद्धिबळात मग काहीच झाकलेले नसते का? पटावर नसते, पण डोक्यात असते. डाव दुसऱ्या दिवसावर तहकूब करण्याची पद्धत होती तेव्हा ज्याची पाळी असेल तो आपली पुढची चाल लिहून पाकिटात बंद करी. नाही तर एकालाच आपल्या चालीचा रात्रभर विचार करता आला असता. १९७२ साली फिशर-स्पास्की सामन्यातील शेवटच्या, एकविसाव्या डावात स्पास्कीने चाल बंद केली आणि दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून हार मानली. पाकिटातली ती चाल पटावर खेळलीच गेली नाही. संगणक आल्यावर ही पद्धत मागे पडली, कारण रात्रभरात यंत्राने सगळेच उघडे केले असते.

घरी केलेली तयारी मात्र अजून झाकलेली राहते. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत खेळला. दुसऱ्याच फेरीत हिकारू नाकामुराविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने अकराव्या चालीला उंटाचा बळी देणारी नवी चाल काढली आणि डाव जिंकला. चाल पटावर सर्वांच्या देखत आली. तोवर ती कुठे होती, हे नाकामुराला दिसणार नव्हते.

नाशिक जिल्ह्यातीलच एक जुनी आख्यायिका याच जातीची आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडच्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले. मग ते वणीच्या सप्तशृंगगडावर गेले आणि तिथे मारुतीच्या प्रसादाने त्यांना लाकडी खांबावर सराव करण्याची विद्या मिळाली, असे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती वाचावी. पण लाकडी खांबाचा एक गुण तिने अचूक हेरला आहे. त्याच्यावर कोणताही डाव शंभरदा करून पाहावा, तो बाहेर कोणाला सांगत नाही.

गुपित आणि लबाडी

इथवर आल्यावर सुरुवातीच्या समजुतीचे उत्तर देता येईल. खेळातले गुपित आणि लबाडी यांत फरक आहे तो नियमाचा. गुपित ठेवण्याचा हक्क दोघांनाही सारखा असतो आणि तो आहे हे दोघांनाही ठाऊक असते. लबाडी करणारा या हक्काच्या पलीकडे जातो: पानाला खूण करतो, समोरच्याच्या हातात डोकावतो, संगणकाची चोरून मदत घेतो. नीट पाहिले तर खूण केलेल्या पानाने लपवालपवी वाढत नाही, उलट समोरच्याचे रास्त गुपित हिरावले जाते. म्हणूनच पाठ सारखी ठेवणारा सावंतवाडीचा चितारी खेळाचा पंचही असतो.

हे मुलांना अनुभवायला द्यायचे तर पत्ते आणि पैसा दोन्हींची गरज नाही. दोघा-दोघांच्या जोड्या करून प्रत्येकी वीस चिंचोके द्यावेत. पन्नास फेऱ्या एकी-बेकी खेळावी आणि कोणी काय धरले, कोणी काय ओळखले, हे एकेका अक्षराने वहीत लिहून ठेवावे: ए, बे, बे, ए. मग वह्यांची अदलाबदल करून एकमेकांच्या सवयी शोधायला सांगावे. लागोपाठ चार वेळा तेच धरायला बहुतेकांचा हात कचरतो. खऱ्या नाण्याचा कचरत नाही. तेच नाणे पन्नास वेळा उडवून दुसरी ओळ तयार करावी आणि दोन्ही ओळी फळ्यावर मांडाव्यात. मुठीतली ओळ कोणती आणि नाण्याची कोणती, हे वर्गाला बहुधा ओळखता येईल.

सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतर पुढाकार घेतला म्हणून गंजिफा बनवण्याची कला टिकली. पाने आजही रंगवली जातात, लोक ती हौसेने विकत घेतात आणि बहुधा चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. मत्स्य, कूर्म, वराह ओळीने दिसतात, पाहुणे कौतुक करतात. पण तशा मांडणीत सगळी चित्रे सर्वांना दिसत असतात आणि पाठी भिंतीकडे असतात. कला वाचली, खेळ मात्र खेळणाऱ्यांची वाट पाहत राहिला. ज्यांच्या घरी असा जोड असेल त्यांनी तो एकदा भिंतीवरून उतरवावा, तिघांनी बसून ४०-४० पाने वाटून घ्यावीत, आणि दिवस असेल तर रामाचा राजा कोणाकडे आहे ते विचारावे.